‘मिंटन’ म्हणण्याआधी टाइल उलटी करून बघा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी सेमिनारच्या एका स्लाइडवर मी एक ओळ लिहिली होती: ‘मिंटन, इंग्लंड, अंदाजे १८८०, हस्तचित्रित.’ वर फोटो होता सेलूकडच्या एका जुन्या वाड्याचा. ढेलजेतून आत गेलं की ओसरीच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर सहा चौकोनी टाइल्स ओळीनं बसवलेल्या. प्रत्येकीवर एक गुलाबी फूल, वळणदार हिरवा देठ, पाकळीचा रंग मधे गडद आणि कडेला फिका होत गेलेला. वाड्यातला नातू म्हणाला होता, "मॅडम, इंग्लंडच्या आहेत. हातानं रंगवलेल्या." मी लिहून घेतलं.

समितीतल्या एका सरांनी एकच प्रश्न विचारला. "कशावरून?"

त्या एका ओळीत चार दावे आहेत. कोणी बनवली, कुठे बनवली, कधी बनवली आणि कशी बनवली. चारही दाव्यांना माझ्याकडे मिळून एकच पुरावा होता: नातू म्हणाला. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, विषय कोणताही असो, तर अशी ओळ तुमच्याही सिनॉप्सिसमध्ये कुठेतरी लपलेली असणार. म्हणून माझ्या ओळीचं काय झालं ते सविस्तर सांगते. आधी शेवटचा शब्द घेऊ, कारण सगळ्यात मोठी फसगत तिथेच होती.

‘हस्तचित्रित’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळात, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, इंग्लंडमध्ये नक्षीदार टाइल बनवण्याच्या निदान चार वेगळ्या रीती होत्या आणि फोटोत त्या चारही ‘रंगवलेल्या’च दिसतात.

पहिली रीत जडवलेल्या नक्षीची. तिला एनकॉस्टिक म्हणतात. ओल्या मातीच्या चौकोनात साच्यानं खोलगट नक्षी उमटवायची, त्या खळग्यात वेगळ्या रंगाची पातळ माती ओतायची, वाळली की वरचा थर खरवडून सपाट करायचा आणि मग भाजायचं. यात ब्रश कुठेच नाही. रंग हा मातीचाच रंग, आणि तो काही मिलिमीटर आत गेलेला, त्यामुळे शंभर वर्षं चपला घासल्या तरी नक्षी पुसत नाही. सॅम्युअल राइट यांनी १८३० साली या कृतीचं पेटंट घेतलं आणि स्टोक-ऑन-ट्रेंटच्या हर्बर्ट मिंटन यांनी ती बाजारात आणली. मुंबईला गेलात तर भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जा आणि मान वर करण्याआधी खाली बघा. १८७२ साली लोकांसाठी उघडलेल्या या इमारतीची जमीन मिंटन टाइल्सची आहे. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्येही इंग्लंडहून आलेल्या टाइल्सची भौमितिक फरशी आहे. आपल्याकडे जुन्या नक्षीदार फरशीला सरसकट ‘मिंटन’ म्हणायची सवय इथूनच लागली असावी, असा माझा अंदाज आहे. त्यातली निम्मी फरशी प्रत्यक्षात सिमेंटची असते, भट्टी न पाहिलेली, दाबयंत्रात दाबून पाण्यात मुरवलेली. मुंबईत तशी फरशी बनवणारी भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी १९२२ सालची.

दुसरी रीत छपाईची. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र पातळ कागदावर उतरवायचं, तो कागद भाजलेल्या टाइलवर दाबायचा, वरून झिलई. भिंगातून पाहिलंत तर बारीक समांतर रेघा आणि ठिपके दिसतात. फसवणारा भाग असा की बाह्यरेषा छापलेली असायची आणि आतले रंग कामगार बायका हातानं भरायच्या. याला हस्तचित्रित म्हणायचं का? मी आता ‘छापील रेषा, हाताने भरलेला रंग’ असं लांबलचक लिहिते. लांब लिहिण्यात कमीपणा नाही.

तिसरी रीत उठावाची. साच्यातच नक्षी उंच-सखल करायची आणि वर रंगीत झिलई सोडायची. भट्टीत झिलई वितळते, उताराकडे वाहते आणि खळग्यात साचते. जिथे थर जाड तिथे रंग गडद, जिथे पातळ तिथे फिका. म्हणजे पाकळीची ती छटा, जिच्यावर मी भाळले होते, ती कोणाच्या मनगटातून आलेली नसते. ती गुरुत्वाकर्षण आणि काचेचा चिकटपणा यांनी मिळून केलेली असते. मी मूळची रसायनशास्त्राची. झिलई म्हणजे सिलिकाची काच, तिला लवकर वितळवायला शिसं किंवा सोडा, हे मी एमएस्सीला पाठ केलेलं. तरीही भिंतीसमोर उभी राहिले तेव्हा मला ब्रशच दिसला. पुस्तकातलं ज्ञान डोळ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, इतकंच म्हणते.

चौथी रीत खरोखर हाताने रंगवण्याची, आणि तिच्यामागे एक भांडण आहे. १८४० साली रिचर्ड प्रॉसर यांनी जवळजवळ कोरड्या मातीची भुकटी यंत्रात दाबून वस्तू करण्याचं पेटंट घेतलं. मूळ हेतू बटणं करण्याचा होता. मिंटननी तीच युक्ती टाइलला लावली. ओली माती वाळताना आकसते आणि वाकडी होते. भुकटीत पाणीच कमी, म्हणून टाइल सरळ, एकसारखी आणि स्वस्त. कारखाने धडाधड निघाले. मग जॉन रस्किन, विल्यम मॉरिस यांच्यासारख्या लोकांना प्रश्न पडला की या एकसारखेपणात कारागिराचं काय उरलं? त्या अस्वस्थतेतून ज्याला ‘आर्ट पॉटरी’ म्हणतात ती चळवळ वाढली. गंमत म्हणजे कारखानदारांनीही ती लगेच उचलली. खुद्द मिंटन कंपनीनं १८७१ साली लंडनच्या केन्सिंग्टन भागात हाताने चित्रं काढण्याचा स्टुडिओ उघडला, तिथे अनेक तरुणी काम करत. १८७५ साली आग लागली आणि तो संपला.

या चळवळीतला माझा आवडता माणूस विल्यम डी मॉर्गन. आडनाव ओळखीचं वाटलं ना? बारावीत तर्कशास्त्राचे, संचांचे डी मॉर्गनचे नियम शिकलात, ते ऑगस्टस डी मॉर्गन याचे वडील. ऑगस्टस यांचा जन्म १८०६ सालचा, आपल्या मदुराईतला. दिल्लीच्या रामचंद्र या गणितज्ञांचं महत्तम-लघुतमावरचं पुस्तक १८५९ साली लंडनला पुन्हा छापून आणण्यात त्यांनीच पुढाकार घेतला होता. मुलगा मात्र गणित सोडून भट्टीकडे गेला. विल्यमनं १८७२ साली चेल्सीमध्ये काम सुरू केलं. इराणी आणि तुर्की टाइल्सचे निळे, हिरवे, मोरपंखी रंग त्याला पुन्हा मिळवायचे होते.

रसायनशास्त्रवाल्यांनी इथे थांबायला हरकत नाही. तांब्याचं तेच ऑक्साइड शिशाच्या झिलईत हिरवं दिसतं आणि सोडा-पोटॅशच्या झिलईत मोरपंखी निळं. धातू तोच, भोवतालची काच बदलली की रंग बदलला. म्हणजे ‘हा रंग तांब्याचा’ एवढं कळून भागत नाही. तांबं कोणत्या काचेत बसलंय ते विचारावं लागतं.

डी मॉर्गनची चित्रं उतरवण्याची पद्धतही मजेची होती. मूळ चित्रावरून पातळ कागदावर हाताने रंगवायचं, तो कागद टाइलवर चिकटवायचा, वर झिलई द्यायची आणि भट्टीत घालायचं. कागद जळून जातो, रंग झिलईत राहतो. म्हणजे टाइल हस्तचित्रित आहे, पण टाइलवर ब्रश टेकलेलाच नाही. आता सांगा, चार रीतींच्या माझ्या यादीत ही कुठे बसवायची? वर्गीकरण करताना अशी एक वस्तू हमखास येते आणि तक्ता बिघडवते. तिला वगळायचं नाही.

‘इंग्लंड’ या दाव्याकडे वळू. हा दावा तपासताना मी मुंबईला पोचले आणि तिथून फिरून पुन्हा मराठवाड्यात आले.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १८६५ साली जॉन लॉकवूड किपलिंग शिकवायला आले. रुडयार्ड किपलिंगचे वडील अशी त्यांची ओळख करून देतात, पण आपल्या विषयात महत्त्वाचं हे की ते स्टॅफर्डशरच्या बर्स्लेम गावात, कुंभारकामाच्या कारखान्यात उमेदवारी करून आलेले होते. पुढे शाळेचे प्रमुख जॉर्ज टेरी यांनी १८७०च्या दशकात तिथे झिलईच्या भांड्यांचं काम उभं केलं. सिंधच्या कुंभारांची निळ्या-हिरव्या झिलईची जुनी परंपरा त्यांनी हाताशी धरली. हीच भांडी पुढे ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’ या नावानं विकली गेली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांचे नमुने आहेत.

आणि त्या भांड्यांवर चित्रं कसली? बरीचशी अजिंठ्याची. त्याच शाळेतले जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांच्या नकला करत होते. पेस्तनजी बोमनजी हे त्यातलं पुढे नावाला आलेलं नाव. लेणी तेव्हा निजामाच्या मुलखात, आपल्याच मुलखात. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं खपून केलेल्या नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. ग्रिफिथ्सच्या चमूच्या कितीतरी नकलाही १८८५ साली लंडनलाच आगीत सापडल्या. अजिंठ्याच्या छतावरची कमळं, हंस, वेलबुट्टी मात्र त्या अवधीत फुलदाण्यांवर चढून विलायतेच्या दिवाणखान्यांत जाऊन बसली होती. चित्र जळलं, नक्षी उरली.

मला यात खटकतं ते असं. भांड्याच्या तळाशी संस्थेचं नाव मिळतं, टेरींचं नाव कागदपत्रांत मिळतं, ब्रश धरणाऱ्या पोराचं नाव बहुतेक वेळा मिळत नाही. ज्या चळवळीनं कारागिराच्या हाताचा एवढा गौरव केला तिच्याही वस्तूंवर हात अनामिक राहिले. तुमच्यापैकी कोणी इतिहास किंवा कला घेऊन बसला असाल तर शाळेची हजेरीपुस्तकं, बक्षिसांच्या याद्या, प्रदर्शनांच्या सूच्या यांत हा शोध घ्यायला भरपूर जागा आहे. मी करणार होते, पण एका थिसिसमध्ये किती कोंबायचं?

असो, वाड्याकडे येऊ. ‘अंदाजे १८८०’ हा दावा सगळ्यात आधी कोसळला आणि तो पाडायला यंत्र लागलं नाही, रेल्वेचा इतिहास पुरला. मनमाडहून औरंगाबाद, जालना, सेलू, परभणी, नांदेड अशी हैदराबादकडे जाणारी गाडी सुरू झाली १९००च्या सुमारास. त्याआधी मुंबई बंदरातली नाजूक टाइल बैलगाडीनं सेलूपर्यंत आली नसेलच असं नाही. पण कापसाचा पैसा, रेल्वे आणि विलायती सामानानं सजवलेली ओसरी या तिन्ही गोष्टी एकत्र येतात त्या विसाव्या शतकात. आणि तेव्हा बाजार बदललेला होता. पहिल्या महायुद्धात युरोपचा माल आटला, जपाननं ती जागा घेतली. १९२० आणि ३०च्या दशकांत जपानी कारखान्यांनी उठावाच्या रंगीत टाइल्स भारतात भरपूर पाठवल्या. इंग्रजी फुलापानांच्या नकलाही त्यात होत्या आणि रविवर्म्याच्या छापील चित्रांवरून केलेल्या लक्ष्मी-सरस्वतीही. अवाजी बेटावरची दांतो ही कंपनी त्यातली एक. माप तेच सहा इंच, कोरडी भुकटी दाबण्याची पद्धत तीच. समोरून इंग्रजी आणि जपानी टाइल ओळखणं जाणकारालाही जड जातं.

उत्तर पाठीवर असतं. दाबून केलेल्या टाइलच्या पाठीवर चुना धरून राहावा म्हणून कंगोरे असतात आणि अनेकदा त्या कंगोऱ्यांतच कारखान्याचं नाव उठलेलं असतं. पण भिंतीतली टाइल उलटी कशी करणार?

सेमिनारनंतर मी पुन्हा त्या वाड्यावर गेले, या वेळी नातू घरी नव्हता. आजी होत्या. त्यांनी चहा टाकला आणि गरम पातेलं उतरवून ज्या चौकोनावर ठेवलं, ती टाइल होती! तेच फूल. उरलेली एक, कित्येक वर्षं स्वयंपाकघरात पातेल्याखाली. मी उलटी केली. काजळी पुसल्यावर कंगोऱ्यांमध्ये अक्षरं दिसली: मेड इन जपान.

"जपानी फरशाच म्हणायच्या त्याला माझ्या सासूबाई," आजी म्हणाल्या. "तू इचारलं कुठं मला? तू तर त्याच्याशीच बोलत होतीस."

मान खाली घालून चहा प्यायले. फील्डवर्कच्या पुस्तकांत ‘माहितीदार निवडताना’ असं प्रकरण असतं, ते मी वाचलेलं होतं.

तरी स्वयंपाकघरातली टाइल जपानी म्हणून भिंतीवरच्याही जपानी, असं लगेच म्हणता येत नाही. एकाच घरात दोन खेपांचा माल असू शकतो. इथे एक बारीक खूण कामी आली. पातेल्याखालच्या टाइलवर देठाच्या दुसऱ्या वळणाशी मोहरीएवढा एक उंचवटा होता, साच्यातला दोष. भिंतीवर बोट फिरवलं. पहिली टाइल, आहे. दुसरी, आहे. पाचव्या टाइलपर्यंत तो दाणा त्याच जागी लागला. सहावीवर लागला नाही. सहावी सपाटच होती. उठाव नव्हताच.

उजेडात भिंग लावलं तेव्हा सहावीच्या पाकळीवर ब्रशच्या केसांच्या रेघा दिसल्या. रंग झिलईच्या वर बसलेला, एका कोपऱ्यात पापुद्रा सुटलेला. मी काही न विचारता आजी सांगू लागल्या. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी थोरल्याचं लग्न झालं, त्या गडबडीत मांडवाचा वासा लागून एक फरशी फुटली. मालकांनी बाजारातून पांढरी कोरी आणली आणि दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरकडून बाकीच्यांसारखं फूल काढून घेतलं. स्वयंपाकघरातली फरशी भिंतीत का नाही बसवली, हे मी विचारलं. "ती तवाबी पातेल्याखालीच होती. मी दिली न्हाई."

पुढच्या खेपेला हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र नेलं. हे यंत्र क्ष-किरण टाकतं आणि पृष्ठभागातली मूलद्रव्यं आपापल्या ठरलेल्या ऊर्जेची किरणं परत फेकतात. टाइलला ओरखडाही पडत नाही. पहिल्या पाचांत शिशाची उंच शिखरं मिळाली. सहावीत वरच्या रंगातलं टायटॅनियम आणि रंगाखालच्या झिलईतलं झिर्कोनियम. झिलई पांढरी, अपारदर्शक करण्यासाठी झिर्कोनियम सर्रास वापरात आलं ते विसाव्या शतकाच्या मधल्या काळापासून. आजींच्या सांगण्याशी हे जुळतं. पण फक्त यंत्र असतं तर मी ‘१९५०नंतरची’ इतकंच लिहू शकले असते. लग्नाचं साल यंत्राला माहीत नव्हतं.

हे यंत्र वापरणार असाल तर दोन खड्डे आधीच सांगून ठेवते. एक, सोडियम आणि बोरॉनसारखी हलकी मूलद्रव्यं त्याला नीट दिसत नाहीत, बोरॉन तर दिसतच नाही. त्यामुळे ‘सोडा सापडला नाही’ म्हणजे ‘सोडा नाही’ असं लिहू नका. दोन, शिशाची मुख्य रेषा १०.५५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला आणि आर्सेनिकची १०.५४ ला. शिशाच्या झिलईत यंत्र बिनदिक्कत आर्सेनिक दाखवतं. आर्सेनिकची दुसरी रेषा, ११.७ च्या आसपासची, दिसते का ते बघा आणि मगच विश्वास ठेवा. माझ्या पहिल्या तक्त्यात पाचही टाइल्समध्ये आर्सेनिक होतं. दुसऱ्या तक्त्यात एकाही नव्हतं. आणि शिशाचं आलंच आहे तर, सुटलेली झिलई नखानं खरवडू नका. स्टॅफर्डशरमध्ये टाइल झिलईत बुडवणाऱ्या बायकांना शिशाची बाधा इतकी होई की १८९८ साली सरकारला चौकशी नेमावी लागली.

नातवाला मी सगळं सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. वाडा पाडून स्लॅबचं घर घ्यायचा विचार चालू होता आणि जुन्या वस्तू घेणाऱ्या एका माणसानं ‘इंग्लंडच्या’ सहा टाइल्सचा भाव सांगून ठेवला होता. जपानी म्हटल्यावर तो भाव टिकणार नव्हता. त्यानं अर्धवट हसत विचारलं, "मॅडम, तुमच्या रिपोर्टमध्ये नुसतं ‘विदेशी’ लिहिता येईल का?" मी नाही म्हटलं. हे म्हणताना मला बरं वाटलं नाही. घर त्यांचं, माळवद गळतं त्यांचं. भिंत पाडण्याआधी मला एक दिवस द्या, एवढं मागितलं, म्हणजे टाइल्स कोणत्या क्रमानं, कशा चुन्यात बसल्या होत्या ते नोंदवता येईल. एकदा सुटून खोक्यात गेल्या की पाच आणि एक हा फरक कोणी जोडून सांगणार नाही.

तो दिवस अजून आलेला नाही. वहीत मात्र ओळ बदलली आहे: ‘टाइल १ ते ५: जपान, बहुधा १९२० ते ४० दरम्यान, उठावाची नक्षी, शिशाची झिलई, आधार: जोडीच्या सुट्या टाइलची पाठ, साच्यातला समान दोष, एक्सआरएफ. टाइल ६: कारखान्याची कोरी पांढरी टाइल, वर तैलरंगात हस्तचित्रित, सेलू परिसर, १९७४च्या सुमारास, आधार: भिंग, एक्सआरएफ, घरातल्या आजींची आठवण. चित्रकार: पाट्या रंगवणारे पेंटर. नाव विचारायचं आहे.’